गाडीचे हादरे : निदान आणि दुरुस्ती

बेळगावहून निपाणीकडे जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, ज्याला आमची पिढी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणूनच ओळखते आणि ज्याची सरकारदप्तरी आज ४८ अशी नोंद आहे, तो काकती, यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर ही गावे मागे टाकीत तवंदीच्या घाटाने निपाणीत उतरतो. आणि या सुमारे पाऊणशे किलोमीटरांच्या प्रवासात ज्याची गाडी शांतपणे व निर्वेध चालते, त्याच मनुष्याने दुसऱ्या दिवशी तीच गाडी जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ल्याच्या घाटाकडे वळविली, अथवा चिकोडीच्या बाजूस काळ्या रानातील आडवाटेला घातली, की तिच्या अंगी दडून बसलेले दोष एकेक करून बाहेर पडू लागतात. सीमाभागातील कोणत्याही गॅरेजात सकाळच्या वेळी तासभर उभे राहावे, म्हणजे ‘गाडी लई हादरालीया’ हे एकच वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकावयास मिळते, आणि त्यावर मिळणारे उत्तरही बहुधा एकच असते, की शॉकअप गेले, बदलून टाका. चारही शॉकअपांचा खर्च सोसूनही हादरा जागच्या जागी राहिलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की या लेखाचा आग्रह आरंभीच सांगून टाकणे मला उचित वाटते. हादरा कोणत्या वेगाला येतो, कोणत्या रस्त्यावर येतो, कोणती क्रिया करताना येतो आणि अंगाला प्रथम कोठे जाणवतो, याची पक्की खातरजमा झाल्यावाचून एकही सुटा भाग बदलू नये. आणि तपासाचा क्रम नेहमी स्वल्प खर्चाकडून मोठ्या खर्चाकडे, म्हणजेच जमिनीला टेकलेल्या रबरापासून वर वर, असा ठेवावा.

पहिली परीक्षा गाडी उभी असतानाच होते. इंजिन चालू करून, गिअर न टाकता, पाच मिनिटे स्वस्थ बसावे. याच अवस्थेत गाडी थरथरत असेल, तर चाके, टायर, स्प्रिंगा आणि शॉकअप यांना त्या दोषातून तूर्त मुक्त करावे, कारण जी वस्तू फिरतच नाही अथवा हालतच नाही, ती गाडी हलवील कशी? येथे संशय दोनच ठिकाणी जातो. इंजिन स्वतःच अडखळत चालले आहे काय, किंवा ते ज्या रबरी बैठकांवर, म्हणजे इंजिन माउंटिंगवर, बसविलेले असते त्या बैठका दबून अथवा फाटून त्याचे स्वाभाविक कंपन सांगाड्यात उतरू लागले आहे काय, एवढेच पाहावयाचे. थरथर एका लयीत आणि सारखी असेल, वातानुकूलन यंत्र चालू करताच वाढत असेल, गाडी मागे घेताना अधिक जाणवत असेल, तर माउंटिंग पाहावे. अधूनमधून ठेका चुकल्यासारखा झटका येत असेल, तर स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टर यांची तपासणी करावी. अशा वेळी समोरच्या फलकावरील इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी ताणून पळविणे ताबडतोब बंद करावे, कारण न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागाचा भाग निकामी करते. आजच्या पुष्कळशा लहान गाड्यांची इंजिने तीन सिलिंडरांची असतात आणि मंद गतीवर त्यांची किंचित थरथर ही घडणीचाच भाग असते; तिच्यापायी दुरुस्तीचा खर्च करणे व्यर्थ होय.

गाडी उभी असताना शांत आणि चालू लागल्यावर अस्वस्थ, असा प्रकार असेल, तर दुसरा प्रश्न असा, की हादरा इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर, मागून वाहन येत नाही असे पाहून, ज्या वेगाला थरथर होते त्या वेगावर गाडी आणावी आणि क्लच दाबून इंजिन मोकळे सोडावे. इंजिनचा आवाज खाली आला तरी थरथर तशीच राहिली, तर कसूर चाकांच्या बाजूची आहे, इंजिनची नव्हे. ही परीक्षा घाटात अथवा उतारावर कदापि करू नये. तवंदीच्या उतारावर तर नव्हेच.

वेगाबरोबर येणाऱ्या थरथरीचे एक लक्षण मोटार चालविणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. साठापर्यंत काही नाही, ऐंशीच्या आसपास स्टेअरिंग थडथडू लागते, नव्वदीला हाताला मुंग्या येतात, आणि एकशेदहाला पोहोचताच तो त्रास पुष्कळसा ओसरतो. याचे कारण गणिताने उलगडते. एका सामान्य मोटारीच्या १४ इंची चाकाचा परीघ टायरसह दोन मीटरांच्या किंचित आत भरतो. म्हणजे तासाला ८० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला अकरा-साडेअकरा फेरे घेते आणि १०० ला चौदा. स्प्रिंग आणि टायर यांच्यामध्ये अडकलेल्या चाकाची स्वतःची वर-खाली उसळण्याची नैसर्गिक गतीही सेकंदाला दहा ते पंधरा एवढीच असते, आणि या दोन गती जेथे एकमेकींशी जुळतात तेथे अल्पसा असमतोलही अनेकपटींनी जाणवतो. चाकाच्या कडेला तीस ग्रॅम वजन एका बाजूस अधिक असले, तर शंभराच्या वेगाला ते सुमारे चार किलोंच्या भाराइतका हिसका, सेकंदाला चौदा वेळा, निरनिराळ्या दिशांना देत राहते. हिसका स्टेअरिंगमध्ये जाणवला तर पुढची चाके संशयित, आसनात किंवा पायाखाली जाणवला तर मागची.

या तीस ग्रॅमांचा उगम आमच्या भागात वारंवार कोठे सापडतो, हे निपाणीच्या एका गॅरेजात मी जवळून पाहिले आहे. गाडीचे मालक जवळच्या खेड्यातील शेतकरी होते. कोल्हापूरकडे जाताना नव्वदीला स्टेअरिंग हातात राहात नाही, अशी त्यांची फिर्याद होती, आणि दुसरीकडे कोणीतरी त्यांना पुढचे दोन्ही शॉकअप बदलण्याचा सल्ला दिलेला होता. मिस्त्रींनी काहीही न बदलता पुढचे डावे चाक उतरविले, ते उलटे करून जमिनीवर ठेवले, आणि रिमच्या आतल्या पन्हळीत बोट घातले. तेथे एका बाजूला, वीतभर लांबीत, काळ्या मातीचा वाळून दगड झालेला थर चिकटला होता. बाहेरून चाक धुतलेले, चकचकीत, आणि आत मात्र शेताच्या बांधावरून आणलेली ती माती. पेचकसाने ती खरवडली, तेव्हा तिचे ढेकूळ मुठीत मावेल एवढे निघाले. पाण्याच्या फवाऱ्याने चाक आतून स्वच्छ केले, बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढविले, दोन लहान शिशाची वजने लावली, आणि गाडी महामार्गावर नेऊन आणली. थरथर गेली. खर्च चहापाण्याहून थोडा अधिक.

म्हणून पावसाळ्यात व त्यानंतर सुगीच्या दिवसांत, जेव्हा उसाच्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी शेतातील चिखल रस्त्यावर येऊन पडतो आणि आपली चाके तो उचलून घेतात, तेव्हा गाडी धुताना चाकांची आतली बाजू जाणीवपूर्वक धुण्याचा प्रघात ठेवावा. त्याच वेळी रिमच्या कडेला अथवा आत चिकटविलेली बॅलन्सिंगची वजने जागच्या जागी आहेत की गळून पडली, हेही पाहावे; जेथे वजन गळलेले असते तेथे चौकोनी स्वच्छ डाग राहिलेला दिसतो. बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली, तर पुढची चाके मागे व मागची पुढे अशी अदलाबदल करून पाहावी. थरथर स्टेअरिंगमधून आसनात गेली, तर दोष निःसंशय त्या चाकांतच आहे. मग चाक यंत्रावर फिरत असताना स्वतः जवळ उभे राहून रिमच्या कडेकडे आणि टायरच्या माथ्याकडे टक लावून पाहावे. रिम वाकलेली असेल तर कड डुलताना दिसते, आणि टायरच्या आतील तारांचे पदर सुटलेले असतील तर माथ्यावर एक टेंगूळ वर-खाली जाताना दिसते. लोखंडी रिम कुशल कारागीर सरळ करून देतो. अलॉयच्या रिमला तडा गेला असेल तर ती डागून घेऊन पुन्हा वापरण्याचा मोह मात्र धरू नये. टेंगूळ आलेला टायर तर त्याच दिवशी काढून टाकावा. तो हादऱ्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

टायरचा विषय निघालाच आहे तर हवेसंबंधी सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण आदळणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या केवळ चुकीच्या हवेमुळे आदळत असतात आणि हा दोष दूर करण्यास एक रुपयाही लागत नाही. हवेचा योग्य दाब किती, हे पंपावरील पोराने ठरवावयाचे नसते. गाडी तयार करणाऱ्या कंपनीने तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर, क्वचित पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड, छापून चिकटविलेला असतो. एकट्या-दुकट्याच्या प्रवासासाठी एक आकडा आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांना अधिक, असे दोन आकडे त्यावर असतात. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा दाखवितो, तो आपल्या गाडीचा दाब नव्हे. आणि या दोहोंची गल्लत करून ३३ च्या जागी ४० भरलेल्या गाडीला खडीवर नेले, की प्रत्येक खडा हाडात शिरतो. उलटपक्षी हवा कमी असेल, तर गाडी मऊ वाटते खरी, परंतु खड्ड्याच्या धारेवर टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटून आतील धागे तुटतात आणि काही दिवसांनी तेथे फुगवटा येतो. दाब नेहमी थंड टायरवर, शक्यतो सकाळी निघण्यापूर्वी, मोजावा. बेळगावहून निघून संकेश्वरला पोहोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा तीन-चारांनी वर चढतो. तो पाहून हवा सोडून देणारे लोक रात्री टायर थंड झाल्यावर कमी हवेवर परत येत असतात. दाब मोजण्याचे साधे उपकरण प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगावे, कारण पंपावरील यंत्रांचे आकडे सर्वत्र सारखे नसतात.

हवेनंतर हाताची परीक्षा. गाडी थंड असताना तळहात टायरच्या माथ्यावरून प्रथम बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा; तुटलेल्या तारा टोचू नयेत म्हणून आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे, एवढी दक्षता घेतली म्हणजे झाले. एका दिशेने गुळगुळीत व दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. केवळ एकच कड झिजली असेल, तर चाक कलले आहे, आणि लोअर आर्मचे बुश अथवा वाकलेला एखादा भाग त्यास जबाबदार असण्याचा संभव आहे. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहिली, मधला भाग झिजून कडा शाबूत असतील तर जास्त. परंतु परिघावर थोड्या थोड्या अंतराने वाटीसारखे खोलगट डाग पडलेले असतील, तरच शॉकअपावर बोट ठेवण्यास सबळ पुरावा मिळाला असे समजावे, कारण चाक रस्त्यावर दाबून न राहता उड्या मारीत चालल्याची ती खूण असते. टायरच्या बाजूवरील लंबगोलात चार आकडे असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर रबर दरवर्षी तपासून घ्यावे आणि दहा वर्षांच्या पुढे टायर वापरू नये, कारण कडक झालेले रबर धक्का गिळत नाही, तो जसाच्या तसा वर पाठवते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर उरली की टायर संपला.

हवेने भरलेल्या रबराचे हे उपकार आपण आता गृहीत धरतो. पण जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीसाठी तयार केलेल्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते १८८८ साली, आणि योगायोग असा की किर्लोस्कर उद्योगसमूह आपली परंपरा ज्या बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून मोजतो, ते सालही तेच. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींपासून नांगरापर्यंत आणि तेथून पुढे यंत्रांपर्यंत जो प्रवास केला, त्याची सुरुवात बेळगावच्या रस्त्यांवर झाली. यंत्र उघडून, त्याचे म्हणणे समजून घेऊन मग त्याला हात लावण्याची ती रीत बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील कारागिरांत अजून जिवंत आहे, आणि गाडीच्या मालकांनीही ती अंगी बाणवावी असे मला मनापासून वाटते.

आता रस्त्यांकडे वळू, कारण आमच्या मुलखात दोन प्रकारची माती दोन प्रकारचे हादरे देते आणि त्यांतील भेद ओळखला तर निदान अर्धे होते. पश्चिमेकडे, खानापूर-जांबोटीपासून मलप्रभेच्या उगमाच्या कणकुंबीपर्यंत, तांबडी जांभ्याची जमीन आणि धो-धो पाऊस. तेथे डांबर तुकड्या-तुकड्यांनी उखडते आणि खड्ड्यांच्या कडा तीक्ष्ण राहतात. पूर्वेकडे आणि नद्यांच्या काठी काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर केलेला रस्ता वर्षा-दोन वर्षांत लांब लांब लाटांनी वर-खाली होतो. तीक्ष्ण कडेचा धक्का हा टायर, रिम आणि बुश यांची परीक्षा घेतो. लांब लाट ही शॉकअपांची. स्प्रिंग गाडीचा भार तोलते आणि धक्का साठवून घेते, परंतु साठविलेली शक्ती जिरविण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. एकदा झोका दिलेला झोपाळा जसा पाय टेकविल्याशिवाय थांबत नाही, तशी नुसत्या स्प्रिंगेवरची गाडी एका उंचवट्यानंतर डुलतच राहते. तो पाय टेकविण्याचे काम शॉकअप करतो. त्याच्या आतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि डुलण्याची शक्ती उष्णतेत जिरते. चांगल्या मोटारीचे अंग सेकंदाला एक ते दीड वेळा, साधारण चालण्याच्या ठेक्यात, हेलकावते आणि लागलीच स्थिरावते. मानवी शरीराला ही गती सोसते. सेकंदाला चार ते आठ उभी कंपने मात्र त्याला सर्वांत अधिक जाचतात, आणि झिजलेले रबर व कडक झालेले भाग नेमकी तशी कंपने आत येऊ देतात. दिवसभराच्या प्रवासाने कंबर का धरते, याचे उत्तर यात आहे.

तेव्हा चिकोडीच्या बाजूच्या लाटांवर गाडी एका उंचवट्यानंतर दोन-तीन वेळा डुलत असेल, नाक वर-खाली करीत असेल, वळणावर अंग टाकीत असेल, तर शॉकअप पाहावेत. गाडी उभी करून प्रत्येक कोपरा जोराने दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन थांबला पाहिजे. या परीक्षेत उत्तीर्ण झालेला शॉकअप निर्दोष असतोच असे नाही, पण अनुत्तीर्ण झालेला निश्चित सदोष असतो. नळीवर तेल ओघळून त्यावर धूळ बसलेली असेल, तर आणखी पुराव्याची आवश्यकता नाही. बदलावयाचे झाल्यास एका आसावरील दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना असा संसार गाडीला ब्रेकच्या वेळी एका बाजूस ओढतो.

परंतु तक्रार जर अशी असेल, की मोठ्या रस्त्यावर गाडी उत्तम चालते आणि जांबोटीच्या वाटेवर, किंवा टिळकवाडीतील रेल्वे गेटाचे रूळ सावकाश ओलांडताना, ‘खट्’ असा कोरडा आवाज येतो, तर शॉकअपांना हात लावू नये. तेथे रबराचा शोध घ्यावा. डावे-उजवे चाक आळीपाळीने वर-खाली होताना हलकी खडखड येत असेल, तर स्टॅबिलायझरची लिंक. ती लहान आणि स्वस्त वस्तू आहे, आणि तिच्यासाठी मोठमोठे खर्च झालेले मी पाहिले आहेत. उभ्या गाडीचे स्टेअरिंग वळविताना वरच्या बाजूला, बॉनेटखाली, ‘टण्ण’ होत असेल, तर स्ट्रटची माउंटिंग. ब्रेक दाबताना आणि सोडताना एकेक ठोका बसत असेल, तर लोअर आर्मचे बुश. विजेरीच्या उजेडात त्यांच्या रबराला गेलेल्या भेगा स्पष्ट दिसतात. चाक जॅकवर उचलून घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून हालवावे, खेळ असेल तर बॉल जॉइंट अथवा बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी खेळ असेल तर टाय रॉडचे टोक. हे करताना गाडी सपाट व कठीण जमिनीवर असावी, बाकीच्या चाकांना दगड लावलेले असावेत, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एक क्षणभरही, शिरू नये.

बुश बदलताना होणारी एक हयगय इतकी सार्वत्रिक आहे, की तिचा उल्लेख मालकांच्या माहितीसाठी करणे अवश्य वाटते. गाडी जॅकवर उचललेली, चाके लोंबकळत असलेली, अशा स्थितीत आर्मचे बोल्ट शेवटपर्यंत आवळले जातात. आतील रबर त्या लोंबकळत्या कोनात पकडले जाते, आणि गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. परिणामी गाडी ताठ लागते आणि नवे बुश काही महिन्यांत फाटते. हे बोल्ट प्रथम हलके लावून, गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच पूर्ण आवळावयाचे असतात. आपल्या मिस्त्रींना हे नम्रपणे विचारावे. जाणता कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याविषयी आपल्याला आवश्यक ती माहिती मिळून जाते.

आमच्या खेड्यांतून अजूनही पाट्यांच्या कमानी असलेल्या जीपगाड्या आणि त्यांच्या जातीची वाहने पुष्कळ आहेत. रिकाम्या अवस्थेत ती उडणारच, कारण कमान भार वाहण्यासाठी घडविलेली असते. बेळगावच्या बाजारात भाजी पोहोचविण्यासाठी जादा पाटा घालून घेतलेला असेल, तर माणसे नेताना त्या गाडीकडून मृदू चालीची अपेक्षा करणे अन्याय्य आहे. तिच्यातील पाहण्याजोगे दोष म्हणजे तुटलेला मुख्य पाटा, सैल झालेले यू-बोल्ट आणि ग्रीसवाचून सुकलेले शॅकल. जी गोष्ट वजन वाढविण्याची, तीच शोभा वाढविण्याची. मोठी अलॉय रिम आणि पातळ बाजूचा रुंद टायर घालून घेण्याची तरुणांची हौस मला कळते, परंतु खड्डा आणि रिम यांच्यामधील हवा व रबर कमी करून वर आरामाची अपेक्षा धरता येत नाही. आमच्या रस्त्यांना कंपनीने दिलेलेच माप योग्य.

ब्रेक दाबल्यावरच येणारा हादरा निराळा. पॅडल पायाखाली धडधडते, स्टेअरिंग डावी-उजवीकडे झटके देते, आणि पाय काढताच सर्व शांत होते. आंबोली, चोर्ला, तवंदी असे घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवून डिस्क तापविल्याने हा दोष उद्भवतो. डिस्कच्या जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागणारा फरक पडला, तरी पायाला तो कळतो. डिस्क पुरेशी जाड असेल तर लेथवर घासून सारखी करून घेता येते, मात्र तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती जाता कामा नये. नवी डिस्क बसविण्यापूर्वी हबवरील गंज तारेच्या ब्रशने साफ झालाच पाहिजे, नाहीतर नवी डिस्कही डुलतच फिरेल. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम डिस्कचेही रक्षण करतो.

वेगाबरोबर वाढणारी ‘घूं’ अशी गुणगुण, जी स्टेअरिंग एका बाजूला झुकविताच वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते, ती बेअरिंगची. पूर्ण वळणावर ‘कट्-कट्’ होणे ही ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याची खूण. त्याचे रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीपाशी महामार्गावर आले होते. अशा पाण्यातून गेलेल्या अथवा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची बेअरिंगे लगेच नव्हे, तर काही महिन्यांनी कुरकुरू लागतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने, मग तिची पाटी केए २२ असो, केए २३ असो वा एमएच ०९, ती महामार्गावर तर चालवून पाहावीच, पण त्याचबरोबर एखाद्या उखडलेल्या वाटेवरही, खिडक्या खाली करून, रेडिओ बंद ठेवून, चालवून पाहावी.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड यांपैकी काहीही सैल असताना केलेली अलाइनमेंट दुसऱ्या खड्ड्याला बिघडते, आणि ते पैसे पाण्यात जातात. ती झाल्यावर यंत्रातून निघणारा कागद मागून घ्यावा. त्यावर आधीचे व नंतरचे कोन छापलेले असतात, आणि पुढील वेळी ते तुलनेस उपयोगी पडतात. बदललेले जुने भाग पाहण्यासाठी मागावेत, पावतीवर भागाचे नाव लिहून घ्यावे, आणि गाडीत एक लहानशी वही ठेवून तारीख, मीटरचा आकडा आणि केलेले काम यांची नोंद करीत जावी. आणि कोणत्याही कारणाने चाक उतरविले गेले असेल, तर घरी परतल्यावर शंभर किलोमीटर होण्याच्या आत, चारही चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने स्वतः एकदा पान्याने आवळून पाहावेत.